भिंतीतल्या बोगद्यात शिरण्याआधी गेज बघा

मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ पुंता सुरच्या प्रवाळभिंतीत ‘डेव्हिल्स थ्रोट’ नावाचा बोगदा आहे. शिरताना खोली साधारण 27 मीटर, बाहेर पडताना जवळपास 40, म्हणजे हौशी डायव्हिंगची मर्यादा तिथेच संपते. म्हणून हवेचं गेज बाहेर असतानाच बघायचं. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, 40 वर पाचपट; हवाही त्याच पटीत संपते. आणि डोक्यावर छत, त्यामुळे मधूनच वर जाता येत नाही.

आत पायातले फिन (पोहण्याचे पंखे) वरखाली आपटू नका. गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारा, नाहीतर वाळू उठते आणि मागच्याला काही दिसत नाही. लोंबणारा ऑक्टोपस (श्वासासाठीचा जादा रेग्युलेटर) जॅकेटला अडकवून ठेवा.

खरी गंमत (आणि खरा घोळ) बाहेरच्या तोंडाशी. समोर नुसती निळाई, खाली तळ नाही, त्यात नायट्रोजनची नशा (खोलवर हवेतल्या नायट्रोजनने येणारी गुंगी); चार मीटर कधी खाली गेलो ते कळतही नाही. बाहेर पडताक्षणी खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर बघा, भिंत नजरेत ठेवा, हळूहळू उथळाकडे सरका. पहिल्याच डाइव्हला इथे नेतो म्हणणाऱ्या गाइडला सरळ नाही म्हणा. आधी कोझुमेलच्याच पालांकार प्रवाळभिंतीतले मोकळे, उजेडाचे बोगदे करा.