जुनी इलेक्ट्रिक गिटार घरी कशी दुरुस्त करावी: आधी जॅक, मग बाकीचं

मे-जून आला की इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या हॉस्टेलांतून सामान बाहेर पडायला लागतं. कूलर, गाद्या, टेबलं आणि मधूनच एखादी इलेक्ट्रिक गिटार. कोचिंग संपलं, मुलगा गावी निघाला, येईल त्या भावाला विकून मोकळा. माझ्या भाच्यानं अशीच एक तीन हजारांत उचलली आणि थेट रामबागेत आणून माझ्या पलंगावर टाकली. "मामा, बघ ना, आवाजच येत नाहीये." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तीन हजार मोजून मुकी आणलीस?"

माझं म्हणाल तर मुकी परवडली. आवाज नसण्याचं कारण बहुतेक वेळा एखादी सुटलेली वायर असते, आणि ती जोडायला अर्धा तास पुरतो. लाकडाचं दुखणं मात्र महाग पडतं. म्हणून जुनी गिटार घेताना कान थोडा बाजूला ठेवा आणि डोळे वापरा.

पैसे देण्याआधी

सुतार फळीची धार बघतो तशी गिटार डोळ्यासमोर आडवी धरा, खुंट्यांच्या बाजूनं गळ्याच्या लांबीवर नजर टाका. गळा किंचित वाकलेला असला तर हरकत नाही, तो ट्रस रॉडनं, म्हणजे गळ्याच्या आतल्या धातूच्या सळईनं, सरळ होतो. पण पीळ पडला असेल, म्हणजे एक कडा वर आणि दुसरी खाली जात असेल, तर नमस्कार करून परत या. मग ट्रस रॉडच्या तोंडात ॲलन की घालून ती नीट पकडते का बघा. खाच गुळगुळीत झाली असेल तर हे काम घरचं राहत नाही. तिसरी जागा म्हणजे नटच्या (तारा ज्या खाचांतून गळ्यावर येतात त्या बारीक पट्टीच्या) मागे, जिथून खुंट्यांचं डोकं सुरू होतं. गिटार पडली की तडा बहुधा तिथेच जातो. नखानं चाचपा.

रंग उडालेला, स्क्रू गंजलेले, बटणं गायब, तारा तुटलेल्या: ही सगळी भाव पाडायची कारणं, सौदा मोडायची नाहीत.

सामान

सियागंजात एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं: ॲलन कीचा संच, बारीक पेचकस, ६०० ते २००० नंबरचा पाण्याचा रेगमाल, मास्किंग टेप, फेव्हिकॉल, दोन शिकंजे. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर तार महाराणी रोडवर. आयर्न ४० ते ६० वॅटचं घ्या. २५ वॅटचं वायरीला चालतं, पण पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या डबीच्या) पाठीवर टाका घालताना दम तोडतं. एक वस्तू मात्र वाद्यांच्या दुकानात शोधू नका: फीलर गेज. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन "टॅपेट सेट करायची गेज" मागा. त्या पातळ पत्त्यांनी मेकॅनिक स्कूटरचे टॅपेट बसवतो, आपण गळ्याचा बाक मोजणार आहोत.

उघडणं आणि पुसणं

काही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक टप्प्याला काढा. कुठली वायर कुठे होती हे लक्षात राहील असं सगळ्यांनाच वाटतं.

तारा ताणलेल्या असताना कापू नका, खुंट्या फिरवून हळूहळू सैल करा. मग टीशर्टच्या जुन्या तुकड्यानं धूळ काढा. गळ्यावर जिथे बोटं टेकतात त्या गडद, न रंगवलेल्या रोझवूडच्या पट्टीवरचा काळा थर जुन्या टूथब्रशनं आणि ०००० नंबरच्या स्टील वूलनं निघतो, पण त्याआधी पिकअपवर टेप चिकटवा. पिकअप म्हणजे तारांखालचे, तारेच्या गुंडाळीतले चुंबक, आवाज तेच पकडतात. लोखंडाचा भुगा एकदा तिथे बसला की निघता निघत नाही. साफ झाल्यावर मिनरल ऑइलचे चार थेंब चोळून पुसून टाका. खोबरेल तेल नको, ते खवट होतं आणि धूळ धरतं. मेपलची चकचकीत, लॅकर दिलेली पट्टी असेल तर तिला तेल नको नि घासणं नको, ओलसर फडकं पुरे. ब्रिजच्या (धडावर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) गंजलेल्या बारीक स्क्रूंना शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. जोर लावलात तर स्क्रूचं तोंड जाईल.

मुकेपणाचा शोध

आता खरं काम. गिटारमध्ये केबल लावा, पण ॲम्प्लिफायरला जोडू नका. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. केबलच्या मोकळ्या टोकाला एक सळई, त्याच पिनच्या मागच्या नळकांड्याला दुसरी. स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या, तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी गुंडाळीच्या, पिकअपच्या गिटारवर आकडा साधारण ५ ते ७ किलोओहम येतो. पाच घरांचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या घरात टाकला की दोन पिकअप समांतर जोडले जातात आणि आकडा जवळपास निम्मा होतो. जाड, दुहेरी गुंडाळीचे हंबकर असतील तर ७ ते ९, कधी त्याहून बरंच जास्त.

एकाच घरात मीटर काही दाखवत नसेल (पडद्यावर नुसतं '1' किंवा 'OL') तर तो पिकअप किंवा त्याची वायर तुटलीय. सगळ्याच घरांत काही नसेल तर जॅक, म्हणजे केबल खोचायची जागा, किंवा जॅकला जाणारी वायर. सगळीकडे शून्य असेल तर कुठेतरी दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

भाच्याच्या गिटारमध्ये पाचही घरं रिकामी. केबल खोचतानाच जॅक बोटाबरोबर गरगर फिरत होता, तेव्हाच काय ते कळलं होतं. जॅकचा नट सैल झाला की प्रत्येक वेळी केबल लावता-काढता जॅक थोडा फिरतो, आतली वायर दोरीसारखी पिळली जाते, आणि एक दिवस तुटते. दोन स्क्रू काढून पट्टी उचलली तर टोकाची वायर खरंच सुटून लोंबत होती.

जोडायची पद्धत अशी. वायरचं प्लास्टिक पाचेक मिलिमीटर सोला, धागे पिळा, त्यावर आधी थोडं सोल्डर चढवा. जॅकच्या पत्तीवरचं जुनं सोल्डर वितळवून झटकून टाका. मग पत्ती तापवा आणि सोल्डर आयर्नला न लावता तापलेल्या पत्तीला लावा. ते आपोआप पसरलं पाहिजे. शिसं-कथलाच्या ६०/४० सोल्डरचा चांगला टाका थंड झाल्यावर चकाकतो. मळकट, दाणेदार दिसला तर तो कच्चा, पुन्हा तापवा. जॅकच्या दोन पत्त्यांची अदलाबदल करू नका. पिनच्या टोकाला टेकणाऱ्या वाकड्या पत्तीला व्हॉल्यूमकडून येणारी वायर, उरलेल्या पत्तीला अर्थिंगची. हात धुतल्याशिवाय शेवेला हात लावायचा नाही, सोल्डरमध्ये शिसं असतं.

नट आवळताना जॅक आतून धरा, नाहीतर तो फिरून तुमची नवी वायर पुन्हा पिळेल. हे मी पहिल्यांदा शिकलो ते दोनदा सोल्डर करून.

बटण फिरवताना खरखर येत असेल तर पॉट बदलायची घाई करू नका. पॉटच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा, आणि बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे. बिजागऱ्यांवर मारायचा तेलकट स्प्रे इथे नको. तरीही खरखर राहिली तर नवा पॉट: सिंगल कॉइलला साधारण २५० किलोओहमचा, हंबकरला ५००चा. पिकअपच्या आतली तार मात्र केसासारखी बारीक असते, ती तुटली असेल तर गुंडाळी उसवत बसू नका, पिकअपच बदला.

गुणगुण आणि झिणझिण्या

आवाज आला, सोबत गुंईऽऽ आलं. तारांना हात लावा. हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग ठीक आहे. आतली पोकळी तांब्याच्या टेपनं मढवून ती टेप अर्थला जोडली की फरक पडतो. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजला जाणारी अर्थची वायर सुटलीय. मागचं झाकण उघडून स्प्रिंगांच्या पट्टीवर बघा, बहुधा तिथेच ती जोडलेली असते.

पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गिटार बाजूला ठेवा आणि घराची वायरिंग बघा. गिटारमध्ये घरातली वीज येत नाही. पण तारा, ब्रिज, केबलचं जाळीचं आवरण आणि ॲम्प्लिफायरची बॉडी हे सगळं एका वायरीत असतं. आमच्या जुन्या घरात तीन पिनचे सॉकेट होते आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नव्हतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. झिणझिण्या थांबवायला म्हणून ब्रिजची वायर कापणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका, दोष ॲम्प्लिफायरच्या बाजूला असतो आणि तो तिथेच राहतो.

लाकूड

पट्ट्याचं बटण सैल होऊन भोक मोठं झालंय? टूथपिकला फेव्हिकॉल लावून भोकात दोन-तीन ठासा, वाळू द्या, वरचा भाग कापा आणि स्क्रू परत बसवा. डोक्याकडे तडा असेल आणि तुकडा निघालेला नसेल तर तडा किंचित उघडून पातळ कार्डानं फेव्हिकॉल आतपर्यंत ढकला, बाहेर आलेलं ओल्या फडक्यानं पुसा, दोन्ही बाजूंना प्लास्टिक आणि लाकडाचे तुकडे ठेवून शिकंजा लावा. चोवीस तास तारा चढवायच्या नाहीत. फेविक्विकनं तडा जोडायचा मोह होतो, पण शिकंजा लागण्याआधीच ते धरतं, आणि वाकडं धरलं तर तसंच राहतं. फेविक्विकची जागा वेगळी: रंगाचा टवका उडालाय तिथे थेंबाथेंबानं भरायचं, वाळल्यावर १००० आणि मग २००० नंबरच्या ओल्या रेगमालनं आजूबाजूच्या पातळीला आणायचं, शेवटी गाडीच्या रबिंग कंपाउंडनं चमक. भाच्याला टवके तसेच हवे होते. राहू दिले.

फ्रेट: इथे जवारी नको

तानपुऱ्यात दोरा सरकवून जी जवारी आपण जीव लावून काढतो, तीच गिटारवर दोष ठरते. एखाद्याच जागी तार झणझणत असेल तर तीन फ्रेटांवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या काड्यांवर) बसेल एवढी सरळ धातूची पट्टी ठेवा. पट्टी डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. आधी तो सुटून वर आलाय का बघा, लाकडी तुकडा ठेवून हलक्या हातोडीनं बसतो. घासायची वेळ आलीच तर लाकडावर टेप लावून एका फ्रेटपुरतं, थोडं थोडं. आठ-दहा फ्रेट घासायचे असतील तर ते काम जाणत्याकडे द्या. घासलेलं परत येत नाही.

तारा, बाक, उंची, सूर

या चौघांचा क्रम मोडू नका. आधीचं बदललं की पुढचं बदलतं.

नव्या तारा (पहिल्यांदा ०.००९ ते ०.०४२ इंचांचा संच बरा) लावून सुरात आणा. घरात पेटी असेल तर ट्यूनरचीही गरज नाही: जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन, फक्त सप्तक सांभाळा. नटच्या खाचांत तार अडकून "टिक्" होत असेल तर शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासा.

आता सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि गळा धडाला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजनं मोजा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड आवळा, कमी असेल तर सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पुन्हा सुरात आणून मोजा. रॉड हटून बसला तर जोर करू नका.

मग उंची. बाराव्या फ्रेटवर बारीक तारेखाली साधारण १.६ आणि जाड तारेखाली २ मिलिमीटर. ब्रिजवरच्या सॅडलचे, म्हणजे प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या छोट्या घोडीचे, बारीक स्क्रू फिरवून ती येते. शेवटी सॅडलची जागा: बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर एक हवेत. दाबल्यावर सूर चढतो तर सॅडल मागे न्या, म्हणजे तार लांब होते. उतरतो तर पुढे आणा. प्रत्येक तारेला वेगळं करावं लागतं. पिकअप तारांच्या फार जवळ आणू नका, चुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो.

पहिले दोन दिवस नव्या तारा उतरतच राहतील. इंदूरचा मे कोरडा आणि ऑगस्ट दमट, लाकूड दोन्हीत हलतं. म्हणून मागच्या झाकणाच्या आतून मी एक चिठ्ठी चिकटवतो: तारीख, बाक, उंची. भाच्याच्या गिटारवर ती चिकटवायला झाकण उलटलं तर आधीच्या मालकानं आत पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, 'जॅक ढीला है'.