प्रियसचे हेड गॅस्केट: आधी कारण शोधावे, मग इंजिन उघडावे

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी, काही सेकंद इंजिनने खडखडावे, सगळी गाडी हादरावी आणि मग सारे पूर्ववत व्हावे, हे लक्षण तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०१० ते २०१५ या मॉडेल-वर्षांतील टोयोटा प्रियसच्या मालकाने एकदाही दुर्लक्षू नये. हेड गॅस्केटला, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण (हेड) यांच्यामधल्या सीलला, बारीक वाट फुटली की इंजिन बंद केल्यावरही दाबाखाली असलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) रात्रीतून थोडे थोडे सिलिंडरमध्ये झिरपते आणि सकाळी ते जळून किंवा बाहेर फेकले जाईपर्यंत तो सिलिंडर नीट पेटत नाही. स्कॅनरवर पी०३०१ किंवा पी०३०२ यांसारखा मिसफायरचा कोड येतो, टाकीतली पातळी महिन्याला बोटभर उतरते आणि गाडीखाली मात्र एक थेंबही सापडत नाही. हायब्रिडमध्ये हे अधिक धोक्याचे आहे, कारण येथे छोट्या स्टार्टरऐवजी ताकदवान विद्युत मोटर इंजिन फिरवते. सिलिंडरमध्ये कूलंट जास्त साचले असेल तर मोटर अडखळून थांबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

या गाडीत बॉनेटखाली कूलंटच्या दोन वेगळ्या टाक्या असतात, एक इंजिनची आणि दुसरी इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागाची. पातळी तपासताना आपण कोणत्या टाकीकडे पाहत आहोत याची आधी खात्री करावी.

निदानाची सर्वांत भरवशाची रीत अशी: इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर बसवावा, झाकणावर दिलेल्या मर्यादेइतकाच दाब द्यावा आणि तो रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी गाडी सुरू न करता चारही स्पार्क प्लग काढावेत आणि छिद्रातून बोअरस्कोपचा कॅमेरा आत सोडावा. निरोगी सिलिंडरमध्ये पिस्टनचा माथा काजळीने काळवंडलेला दिसतो. गळक्या सिलिंडरमध्ये तोच माथा वाफेने धुतल्यासारखा लख्ख, ॲल्युमिनियमच्या मूळ रंगाचा दिसतो आणि त्याच्या कडेला कधीकधी गुलाबी थेंबही चमकताना दिसतो.

इंजिन चालू ठेवूनच एखादी तपासणी करायची असेल, तर ते मध्येच आपोआप बंद होऊ नये म्हणून गाडी मेंटेनन्स मोडमध्ये घ्यावी. ब्रेक न दाबता पॉवरचे बटण दोनदा दाबावे. मग पी (पार्क) मध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दोनदा दाबावा, ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) मध्ये घेऊन पुन्हा दोनदा, परत पी मध्ये आणून दोनदा, आणि शेवटी ब्रेक दाबून गाडी सुरू करावी. हे सारे एका मिनिटाच्या आत व्हायला हवे.

आता कारणाकडे वळू, कारण बहुतेक वेळा येथेच चूक होते. या १.८ लिटरच्या इंजिनात धुराचा काही भाग ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) कूलरमधून थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये पाठवला जातो, त्यामुळे ज्वलनाचे तापमान आटोक्यात राहते. वर्षानुवर्षे काजळी साचून कूलरच्या जाळ्या आणि इनटेक मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांमधली) प्रत्येक सिलिंडरसाठी असलेली अरुंद छिद्रे बुजत जातात, तीही सारखी नाही. ज्या सिलिंडरला थंड केलेला धूर कमी मिळतो तो अधिक तापतो, त्यात नॉकिंग (इंधनाचे अवेळी, धक्का देणारे ज्वलन) होते आणि त्याचा मारा गॅस्केटला सोसावा लागतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ८०,००० किलोमीटरच्या आसपास कूलर, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड काढून साफ करावेत. नवे गॅस्केट बसवून तुंबलेला कूलर तसाच परत लावणे म्हणजे तेच दुखणे पुन्हा ओढवून घेणे होय. कंपनीचे गुलाबी कूलंट पहिल्यांदा १,६०,००० आणि त्यानंतर दर ८०,००० किलोमीटरला बदलावे. गळती बंद करणारी बाजारी औषधे मात्र टाकू नयेत. ती हीटरच्या आणि कूलरच्या बारीक नळ्यांत बसतात.

प्रत्यक्ष बदलाच्या कामात पहिला मान सुरक्षिततेचा. मुख्य बॅटरी सुमारे २०२ व्होल्टची आहे आणि इन्व्हर्टर तो दाब ६५० व्होल्टपर्यंत नेतो. चावी गाडीपासून दूर ठेवावी, १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण वायर सोडवावी, विद्युतरोधक हातमोजे घालून डिकीतला सर्व्हिस प्लग (मुख्य बॅटरीची जोडणी तोडणारा) काढून स्वतःच्या खिशात ठेवावा आणि वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी किमान १० मिनिटे थांबावे. त्यानंतरही मीटरने मोजल्याशिवाय उच्च व्होल्टच्या केशरी वायरला हात लावू नये. ज्याला या कामाचे प्रशिक्षण नाही त्याने हा भाग जाणकाराकडेच सोपवावा.

हेडचे दहाही बोल्ट इंजिन थंड असताना, बाहेरून आत येत, थोडे थोडे सैल करावेत. हेड उतरल्यावर स्टील पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून फिलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पात्यांनी) सपाटी मोजावी. ब्लॉककडच्या बाजूस ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट आढळली, तर हेड मशीन शॉपकडे द्यावे. ब्लॉकचा माथाही तसाच मोजावा आणि चारही पिस्टन वरच्या टोकाला आणून त्यांची उंची ताडून पाहावी, कारण एखादा खाली राहिला तर रॉड वाकल्याची शंका घ्यावी लागते. जुने अवशेष प्लॅस्टिकच्या खरवडणीने हळूहळू काढावेत. ग्राइंडरवरची घासणारी चकती वापरली, तर तिची पूड ऑइलच्या वाटांत शिरून बेअरिंग खाते. बोल्टच्या छिद्रांत तेल किंवा कूलंट राहिले, तर आवळताना त्याचा दाब ब्लॉकला तडा देऊ शकतो, म्हणून ती कोरडी करावीत.

नवे गॅस्केट कोणतेही सीलंट न लावता बसवावे, शक्यतो नवेच बोल्ट वापरावेत आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने, मधून बाहेर जात, आधी टॉर्कने (ठरावीक पिळाच्या जोराने) व मग अंशांच्या मापाने आवळावेत. टायमिंग चेनच्या खुणा जुळल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून त्या पुन्हा तपासाव्यात. ऑइल आणि फिल्टर बदलावेत. कूलंट भरल्यावर हवा निघेपर्यंत हीटर चालू ठेवावा आणि त्यातून सतत गरम हवा येते की नाही हे पाहावे. पुढचे काही दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतली पातळी पाहून तेथे पेनाने खूण करावी.