चेंदणी कोळीवाड्याची जर्सी : मुलींच्या बास्केटबॉल संघाचा गणवेश कसा घडवावा

वस्तीचा मान राखणारा गणवेश करायचा म्हटले की बहुतेकांची नजर आधी छातीकडे जाते. तेथे होडी, नारळ, डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण आणि खाली वळणदार अक्षरांत वस्तीचे नाव, एवढे बसवले की काम झाले असा समज असतो. ठाण्यातील चेंदणी कोळीवाड्यातल्या मुलींच्या संघासाठी गणवेश करताना माझाही पहिला आराखडा असाच होता. तो मी बाजूला ठेवला, कारण मुली धावू लागल्यावर त्या चित्राचा केवळ एक रंगीत डाग दिसला असता, आणि तेच चित्र वेसाव्याच्या, वरळीच्या किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याच्या जर्सीवरही तसेच्या तसे खपले असते. जे चिन्ह शेजारच्या वाड्याच्या जर्सीवरही चालते ते आपल्या वाड्याचे नव्हे, ही कसोटी पुढच्या सगळ्या निवडींसाठी हाताशी ठेवावी.

अमेरिकेत हा प्रकार आता रुळलेला आहे. क्रीडासाहित्य करणाऱ्या नायकेने एनबीए या तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या संघांसाठी २०१७-१८ च्या हंगामापासून ‘सिटी एडिशन’ जर्सी आणल्या, आणि महिलांच्या डब्ल्यूएनबीएनेही २०२१ मध्ये, आपल्या पंचविसाव्या हंगामात, संघाच्या गावाशी नाते सांगणारे नवे गणवेश काढले. ब्रुकलिन नेट्सच्या २०१९-२० च्या अशा जर्सीवर तर शहराचे नाव नव्हते. ‘बेड-स्टाय’ या तिथल्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीचे होते. मात्र त्याच संघाच्या आदल्या हंगामातील जर्सीच्या काठावरची रंगीबेरंगी नक्षी आपल्या स्वेटरांवरून उचलली आहे, असा दावा कूगी या कंपनीने २०१९ मध्ये न्यायालयात लावला. नक्षीला मालक असतो हे त्यावरून ध्यानात घ्यावे. वाड्याच्या नक्षीचा मालक कागदावर नसला तरी तो असतोच, आणि त्याच्याकडे जाण्याविषयी पुढे लिहिले आहे.

चित्र काढायला बसण्यापूर्वी नियम वाचावेत, कारण अर्धे निर्णय तेच घेऊन टाकतात. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार जर्सीचा प्रमुख रंग पुढून आणि मागून एकच असावा लागतो आणि शॉर्ट्सचाही प्रमुख रंग तोच असावा लागतो, त्यामुळे वर एका रंगाची चोळी आणि खाली दुसऱ्या रंगाचे लुगडे अशी गोड कल्पना तेथेच बाद होते. शॉर्ट्स गुडघ्याच्या वर संपावी लागते आणि जर्सी आत खोचावी लागते, म्हणजे जर्सीच्या तळाशी काढलेला सुंदर काठ सामन्यात कोणालाही दिसणार नाही. प्रत्येक संघाला किमान दोन संच लागतात. वेळापत्रकात ज्याचे नाव आधी येते तो संघ फिकट रंगात, शक्यतो पांढऱ्यात, खेळतो आणि दुसरा गडद रंगात. पाठीवरचा आकडा किमान १६ सेंटीमीटर उंच हवा. पुढचा १० सेंटीमीटरचा ठेवला आणि कोणतेही बोधचिन्ह आकड्यापासून ५ सेंटीमीटर दूर ठेवले तर पंचांशी वाद उद्भवत नाही. आकडे ०, ०० आणि १ ते ९९ यांपैकी चालतात. शालेय आणि जिल्हा स्पर्धांच्या परिपत्रकांत कधीकधी वेगळी अट असते, तेव्हा तेही आधी मागवून घ्यावे.

यानंतर वाड्यात जावे, आणि सणाच्या दिवशी नव्हे, कामाच्या दिवशी जावे. नारळी पौर्णिमेला वाडा नटलेला असतो. त्या दिवशी काढलेल्या छायाचित्रांवरून केलेला गणवेश जत्रेच्या फलकासारखा दिसतो. चेंदणी ही ठाणे स्थानकाला लागून, खाडीच्या अंगाला वसलेली जुनी वस्ती आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून तिच्या उशाशीच थांबली, आणि त्या रुळांनी वाड्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. ठाण्याचा विषय निघाला की हे इंजिन प्रत्येक फलकावर येतेच. पण तो शहराचा अभिमान आहे, वाड्याचा नव्हे, म्हणून मी ते घेतले नाही. फ्लेमिंगोचेही तसेच. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून तो पक्षी जिकडे तिकडे रंगवला जातो, आणि मुलींचा संघ म्हटल्यावर गुलाबी रंग आयताच हाती लागल्याचा आनंद काहींना होतो. आमच्या मुलींना तो झाला नाही. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा ठरला खरा, पण तो समुद्राचा; या खाडीतल्या चिखलाची ओळख विचाराल तर निवटी हा मासा आणि चिंबोरी हा खेकडा ही उत्तरे येतात.

मला जे सापडले ते एका ओट्यावर. जाळे सांधत बसलेल्या एका मावशींना मी मोबाइलवरचा दुसरा आराखडा दाखवला. त्यात जर्सीभर जाळ्याची नक्षी होती, खांद्याजवळ बारीक आणि खाली कमरेकडे मोठी होत जाणारी, कारण पडद्यावर ती तशी मला डौलदार वाटली होती. मावशींनी सुई बाजूला ठेवली, पडद्यावर बोट वरून खाली फिरवले आणि म्हणाल्या, “उलटा काढलास गं. तोंडाला आस मोठी, शेपटाला बारीक. असा धरलास त त्यान म्हावरा ऱ्हाईल का?” आस म्हणजे जाळ्याचे एकेक भोक. मावशींच्या मनात होते ते डोल, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीसमोर बांधून ठेवायचे, नरसाळ्यासारखे निमुळते जाळे. त्याच्या तोंडाशी मोठी आस असते आणि शेपटाकडे ती लहान लहान होत जाते, म्हणजे पाणी निघून जाते आणि मासा आत उरतो. आराखडा तेथेच उलटा केला. खेळणाऱ्या मुलींनीही तो लगेच उचलला, कारण बास्केटच्या कड्याला लटकते तीही वरून रुंद आणि खाली निमुळती जाळीच असते, आणि खेळाचे कापडही जाळीदारच असते.

ही नक्षी काढताना आस चौरस काढू नये. जाळे स्वतःच्या वजनाने लोंबते तेव्हा त्याची आस उभट शंकरपाळ्यासारखी होते, आणि ती उंचीला रुंदीपेक्षा जास्त असली तरच डोळ्याला जाळे दिसते. चौरस काढली तर कुंपणाची तार दिसते. आम्ही खांद्याजवळ आसेची उंची सुमारे ४ सेंटीमीटर ठेवली आणि कमरेपाशी १ सेंटीमीटरवर आणली. रेषा मूळ रंगाहून फक्त दोन छटा फिकट ठेवली, म्हणजे प्रमुख रंग एकच राहतो आणि जाळे जवळ आल्यावरच उमगते. आकड्यांच्या मागे मात्र जाळे पूर्ण थांबवावे.

रंगही वाड्याच्या आसपासच शोधावेत. खाडीचे पाणी निळे नसते, हे मान्य करायला आम्हांला दोन बैठका लागल्या. गडद संचाला खाडीकाठच्या तिवरांचा काळपट हिरवा घेतला. फिकट संचाला मिठाचा करडेपणाकडे झुकणारा पांढरा, कारण जवळच्या मीठबंदराचे नाव आजही रस्त्याला आहे. दोन्ही संचांना जोडणारा तिसरा रंग लुगड्याच्या काठाचा, गडद लाल. हा काठ छातीवर आडवा ओढण्याऐवजी मुंढ्याभोवती, म्हणजे हात बाहेर येतो त्या गोल कडेला, आणि शॉर्ट्सच्या तळाशी लावावा. कोळी बाईचे नऊवारी लुगडे कासोटा घालून गुडघ्यापर्यंत नेसलेले असते, पाय मोकळे ठेवून चिखलातून चालता यावे म्हणून, आणि त्याचा काठ जेथे येतो त्याच्याच जरा वर आपल्या शॉर्ट्सचा काठ येतो. पाहणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

नाव देवनागरीतच लिहावे आणि शिरोरेषा अखंड ठेवावी. ‘चेंदणी’ या शब्दातील अनुस्वार लहान काढला तर धुण्यात पुसला गेल्यासारखा दिसतो, म्हणून तो मुद्दाम ठळक करावा. आकडे मात्र आंतरराष्ट्रीयच ठेवावेत. देवनागरी १ आणि ९ यांत दुरून गोंधळ होतो, आणि पंचाने फाउल दाखवून गुणलेखकाला नंबर सांगायचा असताना तो गोंधळ आपल्याच खेळाडूच्या नावावर जमा होतो.

शिवणकामाकडे मुलींच्या संघात सर्वाधिक दुर्लक्ष होते. पुरवठादार पुष्कळदा पुरुषांचीच जर्सी एका मापाने लहान करून देतात. तिचा मुंढा खोल असतो, त्यामुळे हात वर करताच बगलेतून आतले दिसते, आणि मुली सगळा सामना एका हाताने कापड ओढत राहतात. खांद्याची रुंदी, छाती, कंबर, नितंब आणि मुंढ्याची खोली ही पाच मापे प्रत्येकीची घ्यावीत, ती एखाद्या बाईनेच घ्यावीत आणि यादी संघाबाहेर जाऊ देऊ नये. फिकट संचाच्या शॉर्ट्सबद्दल मोकळेपणाने बोलावे. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या शॉर्ट्सची धास्ती खेळ बिघडवते. विम्बल्डननेसुद्धा २०२३ पासून महिलांना स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट्स घालायला परवानगी दिली. बास्केटबॉलमध्ये जर्सी-शॉर्ट्सचा रंग एकच लागत असल्याने आपल्यापुढचा मार्ग म्हणजे करडी छटा, दुहेरी अस्तर आणि जरा जाड कापड. जर्सीला १४० जीएसएमच्या (चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाच्या) आसपासचे पॉलिस्टर पुरते, शॉर्ट्सला त्याहून जाड घ्यावे.

छपाई सब्लिमेशननेच करावी. या पद्धतीत नक्षी आधी कागदावर छापतात आणि साधारण २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबून रंगाची वाफ पॉलिस्टरच्या धाग्यात उतरवतात, त्यामुळे रंग कापडावर थर धरून बसत नाही आणि जाळीची भोकेही बुजत नाहीत. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, येथे रंग वाढले म्हणून खर्च वाढत नाही. पण मूळ कापड पांढरे असल्याने गडद हिरवा ताणला की आतला पांढरा धागा डोकावतो; म्हणून नितंबांशी आणि बगलेत जर्सी घट्ट नसावी. सुती कापडावर हा रंग टिकत नाही, तेव्हा ‘थोडे कॉटन मिसळून देतो’ या सौजन्याला नम्रपणे नकार द्यावा.

आमची खरी फजिती बाजूच्या शिवणीवर झाली. छापणाऱ्याने एकच चित्र सगळ्या मापांना ताणून लावले आणि माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, धरलीच नाही. लहान मापावर पुढची आणि मागची जाळी कशीबशी जुळली. मोठ्या मापावर दोन्हीकडे अर्धी-अर्धी आस कापली गेली आणि जाळे बगलेखाली फाटल्यासारखे दिसू लागले. मावशींना नमुना दाखवायची माझी हिंमत झाली नाही. त्यावरचा उपाय सोपा आहे, पण तो आधी सुचावा लागतो: प्रत्येक ओळीतील आसांची संख्या सगळ्या मापांत तीच ठेवावी आणि आसेची रुंदी मापागणिक किंचित कमी-जास्त करावी, म्हणजे माया वजा केल्यावर शिवण नेहमी पूर्ण आसेवरच येते. चित्र प्रत्येक मापासाठी वेगळे, खऱ्या आकारात आणि पुढचे-मागचे तुकडे शेजारी मांडून तयार करून द्यावे. छापणाऱ्याच्या अंदाजावर सोपवू नये.

सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापाचा एकेक नमुना शिवून घ्यावा, त्याआधी रंगांची पट्टी त्याच कापडावर छापून ती दुपारच्या उन्हात आणि रात्री मैदानाच्या दिव्यांखाली पाहावी. आमचा पहिला हिरवा दिव्यांखाली सरळ काळा झाला होता. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते, तेव्हा नमुना टांगून १५ मीटरवर उभे राहावे आणि संघाबाहेरच्या कोणाला तरी आकडा वाचायला सांगावे. मग मुलीला तो घालून उडी मारायला, खाली वाकायला आणि चेंडू डोक्यावर धरून वळायला लावावे. तिचा हात कापडाकडे गेला की तेथे दुरुस्ती आहे.

नमुना हाती आल्यावर, मोठी मागणी देण्यापूर्वी, तो वाड्यातील ज्येष्ठांसमोर ठेवावा. आधीच शिवून आणलेल्या चोवीस जर्सी दाखवून विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. आमच्याकडे एकवीरा आईचे चित्र गळ्याजवळ लहानसे घ्यावे अशी सूचना संघातूनच आली होती. ज्येष्ठांनी ती नाकारली: जर्सी घामाने भिजते, जमिनीवर पडते, धुण्याच्या ढिगात जाते, तेथे देवीला नेऊ नये. हे आम्हांला आधीच सुचायला हवे होते. होकार मिळाल्यावर नाव आणि नक्षी कशासाठी वापरायची, जर्सी विकायच्या झाल्या तर पैशाचा वाटा वाड्याला कसा जाईल, हे एका कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात.

मागणी देताना बारा खेळाडूंचे दोन संच, म्हणजे चोवीस जर्सी आणि तितक्याच शॉर्ट्स, शिवाय प्रत्येक संचात दोन जादा जर्सी मोठ्या मापाच्या आणि न वापरलेल्या आकड्यांच्या घ्याव्यात. एखादी फाटली किंवा तिला रक्त लागले तर राखीव खेळाडूची जर्सी उतरवावी लागत नाही. खेळाडूंची नावे उष्णतेने चिकटवू नयेत, ती नक्षीबरोबरच छापून घ्यावीत किंवा ठेवूच नयेत. धुताना जर्सी उलटी करून गार पाण्यात धुवावी आणि इस्त्री टाळावी. मूळ फाइल, रंगांचे क्रमांक आणि मंजूर रंगपट्टीचा एक तुकडा संघाच्या पेटीत ठेवावा, कारण पुढच्या वर्षी मुली बदलतात, छापणाराही बदलतो, आणि ‘तोच हिरवा द्या’ एवढ्यावर तोच हिरवा मिळत नाही.