गाठीचा तुकडा तपासायला देताय? आधी हे वाचा

छातीत गाठ लागली की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते काढून टाका एकदाची, दुसरी म्हणते सुई लावू नका पसरेल. दोघींचं ऐकू नका. पसरण्याच्या भीतीने सुई टाळायचं काही कारण नाही, आणि न तपासता थेट गाठ कापली अन् नंतर कॅन्सर निघाला तर परत टेबलावर जायची वेळ येऊ शकते. आधी सुई, मग सुरी.

सुईच्याही आधी सोनोग्राफी, चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफी पण, कारण टोचल्यावर आत रक्त साकळलं की फोटो नीट कळत नाही. रिपोर्टमध्ये बायरॅड्स (गाठ किती संशयास्पद दिसते याचा नंबर) 4 किंवा 5 असेल तर तुकडा घ्यायचाच, 3 असेल तर सहसा 6 महिन्यांनी परत बघतात.

एफएनएसी म्हणजे बारीक सुई, इंजेक्शनसारखीच, सुट्या पेशी ओढून काचेवर पसरतात. स्वस्त आणि झटपट, पण कॅन्सर दिसला तरी तो दुधाच्या नळीतच आहे की बाहेर शिरलाय हे त्यात कळत नाही. म्हणून संशय असेल तर कोअर बायोप्सीच मागा (ट्रूकट पण म्हणतात), जागा बधीर करून साधारण 14 नंबरच्या जाड सुईने चार-पाच दोऱ्यासारखे तुकडे काढतात. सुई मारणाऱ्या गनचा खटॅक आवाज येतो, तो आधी एकदा वाजवून दाखवा म्हणावं, नाहीतर माणूस दचकतं. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

आता तुकड्यांची बाटली! लहान दवाखान्यात ती नातेवाइकांच्याच हातात देतात लॅबला न्यायला. माझ्या मावशीचा तुकडा कुणीतरी सलाईनमध्ये टाकला, लॅबवाला म्हणाला पेशी खराब झाल्या, बिचारीला परत टोचून घ्यावं लागलं. तर बाटलीत 10 टक्के फॉर्मलिन (तुकडा टिकवणारं द्रव) आहे ना, तुकडे पूर्ण बुडलेत ना, नाव, डावी की उजवी बाजू आणि तुकडा काढल्याची वेळ लिहिली का, तिथल्या तिथे बघा आणि त्याच दिवशी पोचवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका. (टीबीचा संशय असेल तर कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायला) एक तुकडा मुद्दाम फॉर्मलिनशिवाय देतात, ते वेगळं.)

रिपोर्टमध्ये फायब्रोअॅडिनोमा म्हणजे साधी गाठ. कॅन्सर असेल तर ईआर, पीआर (पेशींवरचे हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशी वाढवणारं प्रथिन) या तपासण्या लावायला सांगा, औषध त्यावर ठरतं, आणि हर-टू 2+ आलं म्हणजे अधांतरी, फिश टेस्ट (हर-टूचं जनुक जास्त आहे का ते बघणारी) करावी लागते. पण सोनोग्राफी 5 म्हणतेय आणि तुकडा साधा म्हणतोय तर पेढे वाटू नका, सुई गाठीच्या बाजूने गेलेली असू शकते, डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट समोरासमोर ठेवून विचारा, परत बायोप्सी करावी लागली तरी करा.

आणि लॅबमधून नुसता कागद आणू नका, स्लाइड आणि तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक पण मागून घ्या, उद्या परळला टाटात दाखवायची वेळ आली तर ते स्वतः परत तपासतात.