ट्रॅक्टरच्या विंचने लाकडं ओढताय? या चुका टाळा

आमच्या वरकसात, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत, ऐन, किंजळ आणि मागे कधीतरी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ असं सगळं मिक्स रान आहे, आणि तेही उतारावर, त्यामुळे झाड पाडणं सोपं पण पाणंदीपर्यंत आणताना जीव जातो. खांद्यावरून आणायला आता गडी मिळत नाहीत म्हणून ४० एचपीच्या ट्रॅक्टरला मागे लिंकेजवर (अवजार जोडायच्या दांड्यांवर) ३ टन ओढीची पीटीओ विंच बसवली, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारा, वायर गुंडाळून ओढणारा ड्रम. तीन सीझन झाले, जवळजवळ सगळ्या चुका स्वतः करून झाल्यात.

परवानगीचं एकदाच सांगतो. ऐन-किंजळ १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, जमीन आपली असली तरी आधी परवानगी काढायची, गाडी भरायच्या आधी लाकूड वाहतुकीच्या पासचं बघायचं. आता कामाचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओंडका हलत नाही म्हणून रेस वाढवणं. जरा हिशोब करा, फूटभर जाडीचा १० फुटी ओला ओंडका साधारण २०० किलोच्या आसपास भरतो, आणि विंच ३ टनाची. मग ती कण्हायला लागली तर ओंडका जड नाहीये, कुठेतरी अडकलाय! खुंटाला, गडग्याच्या (दगडी बांधाच्या) चिऱ्याला, नाहीतर तोंड मातीत घुसलंय. अशावेळी वायर सैल सोडायची, चालत जायचं, बघायचं, साखळी दुसऱ्या बाजूने फिरवून लावायची म्हणजे ओंडका लोळून सुटतो. दोन मिनिटांचं काम आहे पण तेवढी चढण चढायचा कंटाळा येतो ना, तिथेच घोटाळा होतो.

मी पहिल्या वर्षी तो कंटाळा केला. किंजळीचा ओंडका खुंटामागे बसला होता, मी बाजूला उभा राहून विंच चालवायची दोरी धरून ओढतोय, वायर तारेसारखी गुणगुणायला लागली, आणि बघतो तर ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर वर! दोरी सोडली तेव्हा धप्पकन खाली आली. कारण काय, तर विंचखालची लोखंडी पाटी मी जमिनीला टेकवलीच नव्हती, लिंकेजवर तशीच लटकत होती. पाटी खाली दाबून मातीत रुतवायची आणि मगच ओढायचं. आणि आपल्याकडे कातळ, त्यावर पाटी रुतत नाही, नुसती घासत मागे येते, म्हणून पाटीला एखादं जाड मूळ किंवा पक्का धोंडा लागेल अशी जागा शोधूनच ट्रॅक्टर लावायचा.

मुळात खुंट गुडघाभर ठेवतातच कशाला? वाकायला नको म्हणून. जमिनीलगत कापा, ओंडके अडकत नाहीत आणि धुमारेही चांगले येतात. ओंडका बुडख्याकडून ओढायचा म्हणजे फांद्यांची थुटं मागे झुकलेली राहतात, शेंड्याकडून ओढला तर तीच थुटं गळासारखी प्रत्येक झुडपात रुततात. तोंडाच्या कडा कुऱ्हाडीने गोल करून घ्या आणि साखळी टोकापासून फूट-दीड फुटावर लावा.

दुसरं म्हणजे तिरकं ओढणं. ट्रॅक्टर ओंडक्याच्या लाईनीत सरळ पाहिजे, उतारावर आडवा उभा करून बाजूने ओढलात तर तो उलटू शकतो. लाईन मिळतच नसेल तर कप्पी लावा, पण कप्पी बांधायचं झाड बघून निवडा. वायर कप्पीतून वळून परत ट्रॅक्टरकडे येत असेल तर त्या झाडावर विंचच्या दुप्पट जोर येतो, म्हणजे ३ टनाचे ६ टन, आणि कातळावरच्या पातळ मातीत झाडाची मुळं ती काय असणार. साखळीने साल कापली जाते, रुंद पट्टा वापरा. आणि वायरच्या वळणाच्या आतल्या बाजूला कोणी म्हणजे कोणी उभं राहायचं नाही, कप्पी सुटली तर वायर तिथूनच सपकन जाते. आमचे एक काका बरोब्बर तिथे उभं राहून मोबाईलवर बोलत होते, त्यांना शिव्या घालून बाहेर काढलं, दोन दिवस बोलले नाहीत, चालेल!

आता एक प्रश्न बरेच जण विचारतात, लांब असताना मस्त ओढते आणि ओंडका जवळ आला की विंचची ताकद कमी का होते? बिघाड नाही तो. ड्रमवर वायरचे थर चढले की ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते, तळच्या थरावर सगळ्यात जास्त असते. म्हणून भारी ओंडक्यासाठी ट्रॅक्टर थोडा लांब लावायचा. पण सगळीच वायर सोडायची नाही, ड्रमवर निदान तीन वेढे राहू द्या. वेढे सैल बसले की वरची वायर खालच्यात घुसून गुंता होतो, तेव्हा ती सगळी मोकळी करून, मागे छोटा ओंडका बांधून ताणावर परत गुंडाळायची. ड्रम फिरत असताना वायर हाताने सरळ करायला जाल तर बोटं जातील. वायरला तुटक्या तारांचे काटे येतात, त्याला चामड्याचेच ग्लोव्हज, कापडी असले तर काटा ग्लोव्हसकट हात ओढून नेतो.

वायरच्या टोकाचा फास आवळायचे यू क्लॅम्प बऱ्याच जणांकडे उलटे लावलेले दिसतात. यू चा वाक मोकळ्या टोकावर आणि खाचेचा तुकडा लोड येणाऱ्या वायरवर, १० एमएम वायरला तीन क्लॅम्प, आणि पहिल्या ओढीनंतर नट परत आवळा.

पीटीओ शाफ्टचं कव्हर फुटलं असेल तर त्या दिवशी काम बंद. पंचा, लुंगी, सैल शर्ट काही जवळ नको.

मे संपता संपता वायर पूर्ण बाहेर काढा, फडक्याने पुसत काटे बघा, तेल लावा आणि ताणावर गुंडाळून विंच पडवीत घ्या. मी एकदा बाहेर ठेवली, गणपतीनंतर बघतो तर वेढे गंजून एकमेकांना चिकटलेले, सोडवायला अख्खा दिवस गेला.