माया, अ‍ॅझटेक, इन्का: तुलना करायला बसणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी युरोपीय येण्याआधीच्या अमेरिकेचा विषय घेतला असेल, तर तो तीन रकान्यांचा तक्ता आधी फाडून टाका. माया, अ‍ॅझटेक, इन्का. बाजूला लिपी, चाक, लोखंड. समोर 'होय', 'नाही'. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार नोट्समध्ये हाच तक्ता असतो. माझं अख्खं सत्र त्याने खाल्लं, म्हणून जरा खोलात सांगते.

तक्त्यात तिघं शेजारी बसतात आणि समकालीन वाटू लागतात. ग्वाटेमालातल्या तिकाल या माया नगराचा तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ इ.स. 869 चा, तर अ‍ॅझटेक साम्राज्याचा पाया ठरलेली तीन नगरांची तिहेरी युती 1428 ची. मध्ये साडेपाचशे वर्षं गेली! शिवाय मायांचं एकछत्री राज्य कधी नव्हतंच. तिकाल आणि कालाकमुल ही दोन माया नगरं पिढ्यानपिढ्या एकमेकांशी झुंजत राहिली. म्हणजे एका रकान्यात साम्राज्य आणि दुसऱ्यात भांडणारी नगरराज्यं. आणि माया 'लुप्त झाले' असं तर चुकूनही लिहू नका. त्यांचं शेवटचं स्वतंत्र राज्य 1697 साली पडलं आणि माया भाषा आजही लाखो लोक बोलतात.

त्याहून घातक म्हणजे इन्कांपुढचं 'लिपी: नाही'. तिथे वाचणाऱ्याची उत्सुकताच मरते. इन्कांचा किपू, म्हणजे गाठींनी नोंद ठेवायचा दोऱ्यांचा जुडगा, नीट बघा: एक जाड आडवी दोरी, तिला लोंबणाऱ्या बारीक दोऱ्या. एका दोरीवर वरच्या टप्प्यात दोन साध्या गाठी, मधल्या टप्प्यात चार, तळाशी तीन वेढ्यांची एक लांब गाठ. झाले 243. शून्याच्या जागी दोरी मोकळी. दशमान पद्धतीचा हा हिशेब वसाहतीच्या काळात स्पॅनिश न्यायालयांतही पुरावा म्हणून चालला. अशा समाजापुढे नुसतं 'नाही' लिहून मोकळं कसं व्हायचं?

आता घाबरू नका, विषय आवाक्यातला आहे. फक्त तुलना संस्कृतींची नको, एका प्रश्नाची करा. उदाहरणार्थ, सत्ता प्रजेकडून काय वसूल करायची? अ‍ॅझटेक माल घेत. मेंडोझा कोडेक्स या चित्रमय हस्तलिखितात गावागावाची खंडणी चितारली आहे: सुती कापड, कोको, पिसांचे युद्धपोशाख. वस्तूवर झेंडा काढला की ती 20. इन्का मात्र श्रम घेत. 'मिता'च्या, म्हणजे सक्तीच्या श्रमसेवेच्या, पाळीवर आलेल्या माणसांनी रस्ते बांधले, सरकारी शेतं कसली, कोठारं भरली. इथे तुलनेला खरी धार येते. माया या प्रश्नात बसत नसतील तर खुशाल वगळा.

फक्त साधनं तपासा. तो कोडेक्स 1521 मध्ये अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडल्यानंतर, स्पॅनिश अमलाखाली तयार झाला. मायांचे शिलालेख मात्र त्यांच्याच राजांनी कोरवून घेतलेले. दोन्हींवर सारखाच विश्वास टाकता येत नाही. थोडी स्पॅनिश शिकाच, अनुवादांवर फार काळ निभत नाही.

मार्गदर्शक निवडताना मोठ्या नावाला भुलू नका. तुमचं कच्चं प्रकरण वाचून समासात पेन्सिलीने 'हे कशावरून?' असं लिहिणारा माणूस शोधा, मग तो दुसऱ्या विभागातला असला तरी चालेल.