मल्टीमीटर चुकीचं रीडिंग देतोय? प्रीसेट फिरवण्याआधी या चुका टाळा

मीटर चुकतोय असं वाटलं की बरेच जण सरळ झाकण उघडतात आणि आतला प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बारीक रेझिस्टर) फिरवतात. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. त्या प्रीसेटमुळे बदलतं ते फक्त मुख्य आयसीचं रेफरन्स व्होल्टेज, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून मीटर आकडा ठरवतो ते. दोष लीडमध्ये (मोजायच्या वायरीत), स्विचमध्ये किंवा एखाद्या रेझिस्टरमध्ये असेल, तर एक रेंज जुळते आणि बाकीच्या बिघडतात. म्हणून आधी कागदावर लिहून काढा: कोणत्या रेंजमध्ये, किती टक्के आणि वर की खाली. अर्धं निदान तिथेच होतं.

मीटर खरंच चुकतोय का?

माहितीपत्रकात अचूकता ±(0.5% + 2 डिजिट) अशी दिलेली असते. त्यातल्या डिजिटकडे (डिस्प्लेवरच्या शेवटच्या आकड्याच्या एका पावलाकडे) कुणी बघत नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. 20 व्होल्टच्या रेंजवर 12.00 व्होल्ट मोजले, तर 0.5% म्हणजे 0.06 आणि 2 डिजिट म्हणजे 0.02. त्यामुळे 11.92 ते 12.08 यांतलं काहीही बरोबरच. तेच 200 व्होल्टच्या रेंजवर मोजलं तर एक डिजिट 0.1 व्होल्टचा होतो आणि सूट ±0.26 पर्यंत जाते. रीडिंग मावेल अशी सगळ्यात लहान रेंज निवडा, मगच मीटरला दोष द्या.

कधी मीटर बरोबर असतो आणि सर्किटच त्याच्या भाराने झुकतं. 10 व्होल्टवर 1 मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. मधल्या बिंदूवर 5 व्होल्ट हवेत. 10 मेगाओहम इनपुट रेझिस्टन्सचा मीटर तिथे 4.76 दाखवेल आणि 1 मेगाओहम इनपुटचा स्वस्त मीटर 3.33. दोघांत बिघाड काहीच नाही. याउलट, कुठेच न जोडलेल्या वायरवर शेजारच्या चालू वायरमुळे बरेच व्होल्ट दिसतात. ते खरे आहेत की नाही हे लहानसा भार लावल्यावर कळतं: खोटे असतील तर पडतात.

एसीमध्ये अजून एक फसगत आहे. ट्रू आरएमएस (कोणत्याही आकाराच्या वेव्हचं परिणामी मूल्य मोजणारा) नसलेला मीटर सरासरी मोजतो आणि तिला 1.11 ने गुणतो. हे गणित फक्त शुद्ध साइन वेव्हला लागू पडतं. डिमर, इन्व्हर्टर किंवा व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुटवर त्याचं रीडिंग चुकणारच.

बॅटरी आणि लीड

9 व्होल्टच्या बॅटरीवरच्या, 7106 जातीची (स्वस्त मीटरमधली नेहमीची) आयसी असलेल्या मीटरमध्ये रेफरन्स हा आयसीच्या आतल्या झीनरवरून (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या डायोडवरून) येतो. त्या झीनरला साधारण 7 व्होल्टपेक्षा जास्त सप्लाय लागतो. बॅटरी त्याखाली उतरली की रेफरन्स पडतो आणि रीडिंग *वाढतं*. बॅटरी कमजोर म्हणजे रीडिंग कमी येणार, असा समज असल्यामुळे हा दोष चटकन लक्षात येत नाही. बॅटरी मोजायची ती मीटर चालू ठेवून, दुसऱ्या मीटरने. सुटी मोजली तर बरी दिसते आणि भाराखाली बसते. डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या खुणेवर विसंबू नका.

लीडसाठी 200 ओहमच्या रेंजवर दोन्ही टोकं घट्ट जुळवा. 0.1 ते 0.5 ओहम ठीक आहे, लहान रेझिस्टन्स मोजताना तेवढे वजा करा. आता वायर प्लगपाशी आणि प्रोबच्या मानेपाशी वाकवून बघा. आकडा उडाला तर आतले तंतू तुटलेत. लीड बदला. मेगाओहम मोजताना दोन्ही टोकांना बोटं लावू नका, शरीराचा रेझिस्टन्स पॅरलल जोडला जातो.

चुकांचा नमुना काय सांगतो

आता झाकण उघडायचं. आधी लीड सॉकेटमधून काढा, त्या कुठेही जोडलेल्या नकोत.

7106 जातीच्या मीटरमध्ये ओहम मोजताना अनोळखी रेझिस्टरची तुलना आतल्या ओळखीच्या रेझिस्टरशी होते. प्रीसेटच्या रेफरन्सचा तिथे संबंध येत नाही. म्हणून ओहम बरोबर आणि डीसी व्होल्टच्या सगळ्या रेंज सारख्याच टक्क्यांनी चुकीच्या, असं असेल तर संशय रेफरन्सवर. डीसी बरोबर आणि फक्त ओहम चुकत असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी ओहमच्या रेंजवर मीटर चालू लाइनला लावलेला असतो. तिथला पीटीसी (तापला की रेझिस्टन्स वाढणारा संरक्षक भाग) आणि संरक्षणाचा ट्रान्झिस्टर तपासा.

200 मिलिव्होल्ट अचूक, पण 2 व्होल्टपासून वरच्या सगळ्या रेंज सारख्याच जास्त दाखवतात? मग 9 मेगाओहमच्या रेझिस्टरकडे बघा. इनपुट डिव्हायडर (व्होल्ट विभागून कमी करणारी रेझिस्टरची साखळी) सहसा 9 मेगा, 900 के (किलोओहम), 90 के, 9 के आणि 1 के असा असतो. त्या 9 मेगाला समांतर, ओल आणि जुन्या फ्लक्समुळे (सोल्डरिंगच्या रसायनामुळे) बोर्डावर 100 मेगाओहमची गळती झाली, तर तो 8.26 मेगाचा होतो आणि रीडिंग 8 टक्क्यांनी वाढतं. रेझिस्टर सुटा मोजला तर एकदम ठणठणीत निघतो! इथे बदलायचं काही नाही, बोर्ड धुवायचा. फक्त वरच्या रेंज जास्त चुकत असतील, तर डिव्हायडरच्या तळाचे लहान रेझिस्टर बघा.

स्विच साफ करताना

मीटर चुकतो आणि नॉब हलवला की रीडिंग बदलतं, हे मळलेल्या रोटरी स्विचचं लक्षण. नॉबखाली लहान पितळी पत्त्या आणि बारीक स्प्रिंगवरचे छर्रे असतात. स्क्रू काढताना मीटर पालथा ठेवा, नाहीतर छर्रे उडतात आणि शोधत बसावं लागतं. ट्रॅक (पत्त्या ज्यांवरून फिरतात ते बोर्डावरचे पट्टे) 99% आयसोप्रोपिल अल्कोहोलने, न झडणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सॅंडपेपर लावू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो. गंज सोडवणारा तेलकट स्प्रेही नको. तो ट्रॅकवर राहतो, धूळ धरतो आणि गळती वाढवतो.

करंट रेंज आणि फ्यूज

10 अँपिअरचा शंट (करंट मोजण्यासाठीचा लहान रेझिस्टर) म्हणजे जाड तारेची कमान, साधारण 0.01 ओहमची. सोल्डर भेगाळला की रीडिंग वाढतं किंवा उडतं. पुन्हा सोल्डर करताना तारेची लांबी जशीच्या तशी ठेवा. कमानीवर सोल्डर पसरला तर रेझिस्टन्स कमी होऊन रीडिंग घटतं. तारेवर कारखान्यात मारलेल्या खाचा असतील तर त्या कॅलिब्रेशनच्या आहेत, बुजवू नका.

फ्यूज मूळ रेटिंगचाच हवा: अँपिअर, व्होल्ट आणि प्रकार तिन्ही सारखे. वाळू भरलेल्या सिरॅमिक फ्यूजच्या जागी काचेचा फ्यूज किंवा तार टाकलेला मीटर घरातल्या लाइनला चुकून लागला, तर तो हातातच फुटू शकतो.

आणि मग प्रीसेट

हे सगळं निस्तरल्यावरही डीसी रेंज सारख्याच चुकत असतील तरच प्रीसेटला हात लावा. संदर्भासाठी दुसरा स्वस्त मीटर चालणार नाही, टीएल431 (साधी रेफरन्स आयसी) सुद्धा नाही. एडी584 चं (अचूक व्होल्टेज देणाऱ्या आयसीचं) मोजून दिलेलं मॉड्यूल घ्या. नवी बॅटरी घाला, मीटर आणि मॉड्यूल अर्धा तास एकाच खोलीत ठेवा. प्रीसेटची मूळ जागा मार्करने खूण करा. 20 व्होल्टच्या रेंजवर 10 व्होल्ट देऊन प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवा आणि आकडा स्थिरावण्याची वाट बघा. मग लीड उलट लावून बघा: फक्त वजाचं चिन्ह यायला हवं, आकडा 1-2 डिजिटपेक्षा जास्त बदलता कामा नये. प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका, झाकण लावा आणि 2.5, 5, 7.5 व्होल्ट पुन्हा मोजा. डिजिटल कॅलिब्रेशनच्या मीटरमध्ये असा प्रीसेट सहसा नसतो. सापडला नाही तर दुसरं काही फिरवू नका.